कुंडीतला वाटाणा आणि खिशातला कॅमेरा

आजचा भाग बागेचा आहे आणि कॅमेऱ्याचाही. घरची बाग म्हणजे पाच-दहा कुंड्या, एखादा वाफा, कुंपणावर चढलेला वेल. आणि कॅमेरा म्हणजे खिशात मावेल असा नवा छोटा डिजिटल कॅमेरा. या दोघांची गाठ कशी घालायची ते आज बोलू.

मी बोलते आहे बराकपूरहून. मराठी माणसाला हे गाव माहीत असतं ते मंगल पांडे यांच्यामुळे. २९ मार्च १८५७ ला त्यांनी बंदूक उचलली ती इथल्याच छावणीत. कोलकात्याच्या उत्तरेला, साधारण पंचवीस किलोमीटरवर, हुगळीच्या पूर्व काठावर हे गाव आहे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इथे आलो. सरकारी बैठं घर मिळालं आणि घरापुढे छोटं अंगण. माती नदीच्या गाळाची, इतकी मऊ की खुरपं न लावताही हात आत जातो. साताऱ्याकडच्या मुरमाशी झगडलेल्या माणसाला हे सुख काय असतं ते कळेल.

अंगणात एक प्राजक्त आहे, आमच्या आधी राहून गेलेल्या कुणीतरी लावलेला. इथे त्याला शिउली म्हणतात. अबोलीच्या तीन कुंड्या आहेत. कुंपणावर वाल आहे, सासूबाईंनी साताऱ्याहून पुडीत बांधून दिलेल्या बियांचा. पुढच्या मार्चमध्ये आम्हाला हे घर सोडायचं आहे. कुंड्या कदाचित नेता येतील, प्राजक्त नेता येणार नाही. आणि सासूबाईंचा गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास बंद झाला आहे. त्यांनी ही बाग कधी पाहिली नाही आणि पाहणारही नाहीत. जे काही बघायचं ते आमच्या कॅमेऱ्यातून. म्हणून हा खर्च केला. नाहीतर फोन होताच की घरात.

फोन वाईट नाही, हे आधीच सांगते. चांगल्या उजेडात फोनचं आणि छोट्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर शेजारी शेजारी लावलं तर पुष्कळांना फरक सांगता येणार नाही. फरक पडतो तो दुसरीकडे. कॅमेऱ्याला खरी झूम लेन्स असते, त्यामुळे फुलचुखी बसलेल्या फांदीच्या दहा हात लांब उभं राहता येतं. फोकस, उजेड, रंग हे सगळं हाताने पक्कं करून ठेवता येतं. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट ही की कॅमेरा चार तास झाडापुढे ठेवून आपण निघून जाऊ शकतो. फोन असा ठेवला की मधेच कुणाचा तरी फोन येतोच.

ते चार तास कशासाठी, हे समजायला आपल्याला शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागेल, दादासाहेब फाळक्यांकडे.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधी त्यांनी घरी एक चिमुकली फिल्म केली होती, ती फार कमी लोकांना आठवते. १९१२ च्या सुरुवातीला ते विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि परत आले. भोकं अशासाठी की कच्च्या फिल्मला कडेला छिद्रं नसत, ती आपली आपण पाडायची, तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. आता कॅमेरा नवा, माणूस त्या कामात नवा, आणि चित्रपटासाठी कर्ज द्यायला कुणी तयार नाही. अशा वेळी दादासाहेबांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला.

‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. बी रुजतं, कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल होतो, आणि हे सारं मिनिटभरात. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यातूनच पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहिलं. म्हणजे मराठी माणसाने नवा कॅमेरा घेऊन घरच्या कुंडीचं चित्रण केलं, ही गोष्ट भारतीय चित्रपटाच्या जन्माआधीची आहे.

आता यातला बारकावा बघा. रोज एक चित्र, असं महिनाभर केलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब करा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून जात. एका मिनिटाला झाली ९६०. रोज एक घेतलं तर महिन्याला तीसच होतात, म्हणजे दोन सेकंदांची फिल्म! एक मिनिट भरायचं तर तीस दिवस रोज ३२ चित्रं हवीत. बारा तासांचा उजेड धरला तर दर बावीस मिनिटांनी एक. हा माझा हिशेब आहे, पण ‘रोज एक’पेक्षा तो खरा असणार असं मला वाटतं. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मूठ एकदा फिरवली की आठ चित्रं निघत, आणि एकेक चित्र काढण्यासाठी वेगळी सोय असे. म्हणजे दिवसातून तीसेक वेळा कुंडीपाशी जायचं, मूठ फिरवायची, कुंडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि हे महिनाभर. घरातल्या बाकीच्या मंडळींचं काय झालं असेल, कल्पना करा.

हेच काम आज खिशातला कॅमेरा आपलं आपण करतो. कॅमेऱ्याच्या यादीत टाइमलॅप्स किंवा इंटरव्हल शूटिंग असं काहीतरी नाव असतं. किती सेकंदांनी एक चित्र घ्यायचं आणि एकूण किती, एवढं दोनच सांगायचं. पण ते दोन आकडे कोणते, हे कॅमेरा सांगत नाही.

त्याचा हिशेब असा. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा ठेवावा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबच्या किंवा साध्या एलईडीच्या उजेडात वेग ३० ठेवला तर चित्रात पट्टे फिरताना दिसू शकतात. २५ आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवलं की ते सहसा जातं. तर समजा, प्राजक्ताची कळी उमलायला चार तास धरले आणि मला ते बारा सेकंदांत दाखवायचं आहे. बारा गुणिले २५ म्हणजे ३०० चित्रं. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. भागाकार केला की ४८. दर ४८ सेकंदांनी एक चित्र. झालं.

वालाचं गणित निराळं आहे. वालाला वाटाण्यासारखे ताणे नसतात, त्याचा शेंडाच आधाराभोवती गुंडाळतो. आधार सापडेपर्यंत तो हवेत गोल गोल फिरत असतो, आंधळ्या माणसाने काठी फिरवावी तसा. उबदार दिवसांत एक फेरा तासा-दोन तासांत होतो. इथे ४८ सेकंदांचं अंतर ठेवलं तर शेंडा उड्या मारत गेल्यासारखा दिसेल. दर दहा सेकंदांनी एक घ्या. दोन तासांत ७२० चित्रं, म्हणजे सुमारे २९ सेकंदांचा व्हिडिओ. मी तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारच्या काकीमा येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ओ मा, हा तर शोधतोय!” इतकी वर्षं त्यांच्याही कुंपणावर हाच वेल आहे. त्या त्याला शीम म्हणतात आणि मोहरी वाटून घालून त्याच्या शेंगांची सुंदर भाजी करतात.

झाडाची हालचाल पकडण्याचा दुसरा रस्ता इथल्याच मातीतला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. त्यात तरफांची अशी जुळणी होती की झाडाची वाढ दहा हजार पट मोठी होऊन काचेवर उमटे. फाळक्यांनी वेळ आकसून वाढ दाखवली आणि बोसांनी लांबी ताणून. बोसांची संशोधन संस्था कोलकात्यात १९१७ मध्ये उभी राहिली. म्हणजे वाटाण्याच्या फिल्मपासून पाचच वर्षांत.

असो. आता प्रत्यक्ष लावायची गोष्ट. ट्रायपॉड जमिनीत पक्का रोवा. आमच्या मऊ मातीत त्याचे पाय हळूहळू खचतात, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवते. ट्रायपॉडवर असताना कॅमेऱ्याची थरथर घालवणारी सोय बंद करा, नाहीतर नसलेला हादरा शोधत ती चित्र हलवत बसते. फोकस हाताने लावून तिथेच ठेवा. उजेड आणि रंगही पक्के करा. हे स्वयंचलित ठेवलं तर ढग आला की चित्र निळं, गेला की पिवळं, आणि व्हिडिओभर लुकलुक. प्राजक्त, मोगरा अशी पांढरी फुलं गर्द पानांवर असली तर कॅमेरा फसतो. त्याला सगळं अंधारं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि पाकळ्या नुसत्या पांढऱ्या डागासारख्या दिसतात. उजेड थोडा कमी करा, पाऊण स्टॉप वगैरे. पाकळ्यांवरच्या शिरा दिसायला लागल्या की थांबा.

विजेचं आधीच बघून घ्या. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी चार तास पुरेल याची खात्री नसते. पॉवर बँक जोडता येते, पण काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात, चालू असताना नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच हा प्रश्न विचारावा.

एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून काढायचं तर झूम न करता, रुंद बाजूला काढावं लागतं. तिथे तो काही सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. झूम केलं की तोच कॅमेरा हातभर मागे सरकायला लावतो. पण इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. मग उजेडाच्या समोरच्या बाजूने एक पांढरा कागद धरायचा, सावलीत उजेड परततो. वारा असेल तर फांदीला मागून एक बारीक काडी टेकवायची, चित्रात येणार नाही अशी. छिद्र एफ ५.६ च्या आसपास ठेवा. त्याहून मोठं उघडलं तर पाकळीचं टोक स्पष्ट आणि देठ धूसर होतो. फार लहान केलं, एफ ११ वगैरे, तर एवढ्याशा सेन्सरवर सगळंच मऊ पडतं.

आता उजेडाच्या वेळा. भारतभर घड्याळ एक असलं तरी सूर्य एक नाही. बराकपूर साताऱ्याच्या इतकं पूर्वेला आहे की इथला सूर्य तिथल्यापेक्षा जवळजवळ एक तास पुढे चालतो. जूनमध्ये पाचच्या आधी उजाडतं. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचला दिवा लावावा लागतो. म्हणून ‘सकाळी सात ते आठ मऊ ऊन असतं’ असं कुणी सांगितलं तर ते कुठल्या गावाबद्दल सांगतायत ते आधी विचारा. मी उन्हाळ्यात साडेपाचला बाहेर पडते. सातपर्यंत ऊन कडक होतं आणि पानं चमकायला लागतात.

आणि हवा. इथली हवा हा कॅमेऱ्याचा खरा शत्रू. कोकणातल्या, गोव्यातल्या मंडळींना हे सांगायला नको. महिनोन् महिने हवेत ओल असते आणि लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती काचेवरचा लेप खाते आणि मग पुसून जात नाही. छोट्या कॅमेऱ्यात एक जादा अडचण असते. त्याची लेन्स आत-बाहेर होते तेव्हा ती भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. ओल आत जाते, धूळही जाते. त्यावर महागडं कपाट लागत नाही. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करायच्या. चामड्याच्या पिशवीत मात्र कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणला की लेन्सवर वाफ बसते. पुसत बसू नका, वीस मिनिटं तशीच थांबा.

रात्रीचं दव वेगळं. आत्ता ऑक्टोबर आहे, प्राजक्ताचा बहर आहे. संध्याकाळनंतर कळ्या उमलतात आणि पहाटे सडा पडतो, त्यामुळे रात्रीच काढावं लागतं. मंद एलईडी दिवा बाजूने, तिरका. प्रखर लावला तर किडे गोळा होतात आणि फुलापेक्षा तेच जास्त दिसतात. कॅमेऱ्यावर छत्री धरून ठेवायची. लोक म्हणतात दव पडतं, पण ते पावसासारखं वरून पडत नाही. उघड्या आकाशाखाली काच स्वतःची उष्णता गमावून थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. वर छत्री असली की काच तितकी थंड होत नाही. जुन्या काळ्या छत्रीनेही काम होतं. कळी उमलताना तिच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका अंगाने पीळ सोडत उघडतात. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही, कारण आपण इतका वेळ एका कळीकडे पाहत नाही.

पण सगळंच टाइमलॅप्समध्ये करू नका. हे मला सासूबाईंकडे पाहून सांगावंसं वाटतं. त्यांना फुलांचे देखावे फारसे नको असतात. त्या जन्मभर परस सांभाळलेल्या बाई आहेत. व्हिडिओ बघितला की त्यांचे प्रश्न येतात. “आळं केवढं केलंयस? पाणी कुठून येतं? पान उलटं करून दाखव.” पान उलटं करून दाखव, हे वाक्य मी कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहून चिकटवलं आहे. मावा, पांढरी माशी, कोळी, सगळं पानाच्या खालच्या बाजूला असतं. वरून सुंदर दिसणाऱ्या वेलाची खरी हकिगत तिथे असते. गेल्या महिन्यात त्यांनी साताऱ्यात टीव्हीपुढे बसून वालावरचा मावा ओळखला आणि राखेची चिमूट टाकायला सांगितली. व्हिडिओ त्यासाठी पुरेसा स्पष्ट होता, याचा मला प्राजक्ताच्या भिंगरीपेक्षा जास्त आनंद झाला.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. दर रविवारी, त्याच वेळी, तीन ठरलेल्या जागांवरून प्रत्येकी वीस सेकंद. जागा खुणेने पक्क्या केल्या आहेत, जमिनीत विटा पुरून. पहिली फाटकातून सगळं अंगण. दुसरी कुंपणाच्या रेषेत. तिसरी प्राजक्ताच्या खोडापासून वर. मग एक झाड निवडून त्याची माती, खोड, पानाच्या दोन्ही बाजू, आळं, हे सावकाश, न कापता. हात हळू. तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने कॅमेरा फिरवा. फाईलला नाव तारखेचं आणि झाडाचं द्या, ‘सुंदर’, ‘नवीन’, ‘फायनल’ असलं देऊ नका. वर्षभरानंतर ‘फायनल दोन’ म्हणजे काय हे कुणालाही सांगता येत नाही.

बराकपूरमध्ये सोडून जायच्या बागेची चित्रं करणारी मी पहिली नव्हे. नदीकाठच्या लाटबागानात गव्हर्नर जनरलचं शहराबाहेरचं घर होतं. १८५६ पासून तिथे येणाऱ्या शार्लट कॅनिंग, म्हणजे लेडी कॅनिंग, यांनी तिथली बाग मन लावून केली. त्या जलरंगात फुलं, झाडं, प्रदेश रंगवत. त्यांची शेकडो चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मायदेशी परतायची वेळ जवळ आली असतानाच दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना ताप आला आणि १८ नोव्हेंबर १८६१ ला त्या गेल्या. त्यांना बराकपूरच्या त्याच बागेत पुरलं. बंगाली मिठाईवाल्यांकडे लेडिकेनी म्हणून जो गोड गोळा मिळतो, त्याचं नाव त्यांच्यावरून पडलं असं इथे सांगतात. खाऊन बघा, गुलाबजामचा चुलतभाऊ आहे.

त्यांच्या चित्रांत फुलं आहेत, पण मला बघायला आवडली असती ती त्यांची आळी, मांडव, पाणी आणणारी माणसं. बागेत राबणारी माणसं चित्रात क्वचित येतात. आपल्या व्हिडिओत ती येऊ द्या. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणारे माळीदा आधी कॅमेरा दिसला की बाजूला सरत. आता ते स्वतःच सांगतात, कलम बांधताना हात जवळून घे म्हणून. त्यांचे हात दिसतात असे सव्वा तीन मिनिटांचे एक सलग चित्रण माझ्याकडे आहे. अख्ख्या संग्रहात पुन्हा पुन्हा बघावं असं ते एकच.

सासूबाईंना सगळं पेनड्राइव्हवर घालून टपालाने पाठवते, कारण त्यांना टीव्हीवर, मोठं, थांबवत थांबवत बघायचं असतं. मोबाइलवरून पाठवलं की अ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, आणि पानामागचा मावा नेमका त्यात नाहीसा होतो. पेनड्राइव्हबरोबर कागदावर यादी जाते, फाईलची तारीख आणि झाडाचं नाव. परवा त्यांचा फोन आला. वालाचा फिरणारा शेंडा त्यांनी चार वेळा पाहिला म्हणाल्या. मग विचारलं, “शेंगा वाळल्या की बी धरशील ना? आणि प्राजक्ताचंही धर.” प्राजक्ताची चपटी गोल फळं हिवाळ्यात वाळतात, प्रत्येकात दोन बिया असतात. मार्चच्या आत ती हातात येतील. फळ झाडावर कसं तपकिरी होत जातं, ते दर रविवारच्या चौकटीत घ्यायला मी आता चौथी वीट पुरली आहे.

पुढचा भाग बागेतल्या आवाजाचा. माइकवर वारा कसा अडवायचा आणि शेजारच्या पंपाचं काय करायचं, ते बघू. नमस्कार.